मठाची भिंत ओलांडणाऱ्या सिस्टर

रुग्णालयात परिचारिकेला आपण 'सिस्टर' म्हणून हाक मारतो, तेव्हा त्या शब्दामागे काही शतकांचा इतिहास उभा आहे हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जर्मन भाषेतही परिचारिकेसाठी पिढ्यान्‌पिढ्या रुळलेल्या शब्दाचा अर्थ 'बहीण' असाच आहे. युरोपात रुग्णशुश्रूषा हे प्रामुख्याने धर्मभगिनींचे काम होते, त्या काळाची ही खूण आहे. काम करणारी माणसे बदलली, त्यांचा वेष बदलला, धर्माशी असलेला संबंधही बहुतेक ठिकाणी सुटला. हाक मात्र टिकून राहिली. शाळेच्या बाबतीत 'कॉन्व्हेंट' या शब्दाचे असेच झाले. या शब्दाचा मूळ अर्थ धर्मभगिनींचे निवासस्थान, पण आज तो ऐकल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शाळाच येते.

कॅथलिक धर्मभगिनींचा शिक्षणावर आणि समाजसेवेवर एवढा दीर्घकाळ ठसा का राहिला, असे विचारले की 'त्यांची श्रद्धा आणि त्याग' हे उत्तर ठरलेले असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. श्रद्धाळू आणि त्यागी स्त्रिया प्रत्येक काळात होत्या. या स्त्रियांनी त्याच्या जोडीला जगण्याची आणि काम करण्याची एक नवी व्यवस्था उभी केली आणि ती मान्य करून घेण्यासाठी आपल्याच चर्चशी साडेतीनशेहून अधिक वर्षे झगडा दिला. हा झगडा समजून घेतला की पुढचा विस्तार आपोआप उलगडतो.

त्यासाठी आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. बोलताना आपण 'नन' आणि 'सिस्टर' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. चर्चच्या कायद्यात मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत. नन म्हणजे मठाच्या आत राहून प्रार्थनेला आयुष्य वाहणारी संन्यासिनी. सिस्टर म्हणजे ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीच तीन व्रते घेऊन समाजात काम करणारी धर्मभगिनी. आज हा फरक साधा वाटतो. पण कित्येक शतके चर्चच्या लेखी यातला पहिलाच प्रकार खरा होता. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ मध्ये आदेश काढला की, व्रतस्थ स्त्रियांनी मठाबाहेर पाऊल टाकू नये. १५६३ मध्ये ट्रेंट इथल्या कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेने त्या आदेशाला पुन्हा बळ दिले आणि १५६६ मध्ये पोप पाचवे पायस यांनी तो आणखी कडक केला. स्त्रीला दोनच वाटा होत्या, नवरा किंवा भिंत. गरिबाच्या घरी जाऊन आजाऱ्याची सेवा करावी, वस्तीत जाऊन मुलींना शिकवावे, असे एखाद्या व्रतस्थ स्त्रीच्या मनात आले तरी कायदा आड येत होता.

इटलीतल्या ब्रेशा शहरात अँजेला मेरिची यांनी १५३५ मध्ये उर्सुलाईन संघाची स्थापना केली, तेव्हा त्यांनी ही अडचण बाजूला सारली होती. त्यांच्या सोबतिणी आपापल्या घरी राहत आणि तिथूनच काम करीत. मेरिचींच्या पश्चात, विशेषतः फ्रान्समध्ये, या संघाला भिंतीआड जावे लागले. तरीही उर्सुलाईन भगिनींनी शिकवणे सोडले नाही. त्यांना बाहेर जाता येत नव्हते, म्हणून त्यांनी मुलींनाच आत बोलावले आणि मठाच्या आवारात शाळा भरू लागली. त्यांच्यापैकी मारी द लँकार्नासियों या १६३९ मध्ये समुद्र ओलांडून आजच्या कॅनडातल्या क्वेबेकला गेल्या, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा शिकल्या आणि त्यांनी त्या भाषांचे शब्दकोश तयार केले. १७२७ मध्ये उर्सुलाईन भगिनी न्यू ऑर्लिन्सला पोहोचल्या.

भिंतीच्या या कोड्याचे सर्वांत चतुर उत्तर मात्र फ्रान्समध्ये सापडले, आणि त्याची सुरुवात गाई राखणाऱ्या एका मुलीपासून होते. मार्गरीत नासो ही पॅरिसजवळच्या सुरेन गावची. शाळेत जाण्याची सोय नव्हती. तिने अक्षरांचे एक पुस्तक मिळवले आणि गाई चारता चारता वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवून ती विचारू लागली, हे अक्षर कोणते, हा शब्द कसा वाचायचा. वाचता येऊ लागल्यावर तिने गावोगावच्या मुलींना शिकवण्याचा ध्यास घेतला. पुढे पॅरिसमध्ये आजारी गरिबांच्या सेवेसाठी काही स्त्रिया एकत्र येत आहेत हे कळताच ती तिकडे गेली. १६३३ च्या सुरुवातीला प्लेगची लागण झालेल्या एका स्त्रीला तिने आपल्याच अंथरुणावर जागा दिली आणि त्याच आजारात तिचा अंत झाला. फ्रेंच धर्मगुरू व्हिन्सेंट द पॉल यांनी तिची ही हकिकत पुढे आपल्या भगिनींना सांगितली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. शिक्षण आणि सेवा या पुढे वेगळ्या झालेल्या दोन वाटा तिच्या छोट्याशा आयुष्यात एकाच होत्या, हे मला फार मोलाचे वाटते.

मार्गरीत गेली त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' हा संघ सुरू केला. लुईझ विधवा होत्या, संस्था चालवण्याची विलक्षण हातोटी त्यांच्याकडे होती आणि रोजच्या कारभाराची बारीकसारीक घडी त्यांनीच बसवली. या दोघांनी चर्चच्या कायद्याशी थेट टक्कर घेतली नाही. आमच्या भगिनी संन्यासिनी नाहीतच, असे त्यांनी सांगितले. त्यांची व्रते आजन्म नसत, ती दरवर्षी नव्याने घेतली जात. त्यांचे घर मठ म्हणवत नसे आणि त्यांचे कपडे साध्या शेतकरी स्त्रीचे असत. व्हिन्सेंट यांनी भगिनींना केलेला उपदेश प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, आजाऱ्यांची घरे हाच तुमचा मठ, भाड्याची खोली हीच तुमची कोठडी आणि शहराचे रस्ते हेच तुमच्या मठाचे अंगण. ही वाक्ये कानाला गोड लागतात, पण त्यांच्यात कायद्याचा पेच सोडवण्याची युक्तीही आहे. मठच नसेल तर भिंतीची सक्ती कोणावर करणार?

ज्यांनी अशी पळवाट न काढता सरळ मागणी केली, त्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. इंग्लंडच्या मेरी वॉर्ड यांनी १६०९ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या सेंट ओमेर इथे संघ स्थापला. जेझुइट या संघातल्या व्रतस्थ पुरुषांप्रमाणे आम्हालाही मोकळेपणाने फिरून शिकवू द्यावे, आमचा कारभार आम्हीच पाहू, असे त्यांचे म्हणणे होते. ते मांडण्यासाठी त्या आल्प्स ओलांडून पायी रोमला गेल्या. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांचा संघ बरखास्त केला आणि मेरी वॉर्ड यांना पाखंडी ठरवून म्युनिकच्या एका मठात डांबण्यात आले. तिथून त्या लिंबाच्या रसाने पत्रे लिहीत. कागद आचेवर धरला की अक्षरे उमटत. त्यांच्या काही शाळा कशाबशा तगल्या. संस्थापिका म्हणून त्यांचे नाव घेण्याची मुभा चर्चने १९०९ मध्ये दिली, म्हणजे स्थापनेनंतर बरोबर ३०० वर्षांनी.

हा धागा पुढे फार लांब गेला. मेरी वॉर्ड यांच्या परंपरेतले एक घर यॉर्कमध्ये होते. तिथे शिकलेल्या फ्रान्सिस बॉल यांनी डब्लिनजवळ लोरेटो नावाने शाखा सुरू केली आणि लोरेटोच्या भगिनी १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात उतरल्या. १९२८ मध्ये याच संघात एक अल्बेनियन मुलगी दाखल झाली आणि पुढची बरीच वर्षे तिने कोलकात्याच्या एंटाली भागातल्या शाळेत शिकवले. जग तिला मदर तेरेसा म्हणून ओळखते. मेरी वॉर्ड ज्या भिंतीविरुद्ध लढल्या, ती भिंत एव्हाना त्यांच्याच वारसदारांभोवती उभी राहिली होती. लोरेटोच्या भगिनी सहसा आवाराबाहेर जात नसत. त्यामुळे वस्तीत राहून काम करण्यासाठी मदर तेरेसांना १९४८ मध्ये रोमची परवानगी घेऊन बाहेर पडावे लागले. बाहेर पडल्यावर त्या आधी पाटण्याला, मेडिकल मिशन सिस्टर्सच्या रुग्णालयात शुश्रूषेचे प्राथमिक धडे घ्यायला गेल्या. आपल्या भगिनींनी मीठ-भातावर राहावे असा त्यांचा विचार होता. पाटण्याच्या अनुभवी भगिनींनी त्यांना समजावले की, दिवसभर रोग्यांमध्ये वावरणाऱ्या मुलींना पोटभर, सकस अन्न मिळालेच पाहिजे, नाहीतर त्याच आजारी पडतील. तो सल्ला त्यांनी मानला. त्याग आणि व्यवहारज्ञान यांची अशी सांगड या संपूर्ण इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या नॅनो नेगल यांनाही हीच अडचण आली. कॅथलिकांना शाळा चालवण्यास बंदी असताना १७५० च्या दशकात त्यांनी गरीब मुलांसाठी गुपचूप शाळा काढल्या. त्या चालवण्यासाठी त्यांनी १७७१ मध्ये उर्सुलाईन भगिनींना आणले. पण त्या भगिनी मठाच्या नियमाने बांधलेल्या असल्याने वस्तीत जाऊ शकत नव्हत्या. म्हणून १७७५ मध्ये नेगल यांनी स्वतःचाच संघ स्थापला. दुर्दैवाने त्यांच्या पश्चात, १८०५ मध्ये, तोही भिंतीआड गेला. डब्लिनच्या कॅथरीन मॅकॉली यांनी १८३१ मध्ये सिस्टर्स ऑफ मर्सी हा संघ काढला. त्यांच्या भगिनींना लोक 'चालणाऱ्या नन' म्हणत, इतके त्यांचे रस्त्यावर दिसणे नवलाचे होते. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासोबत काम केलेल्या मेरी क्लेअर मूर याच संघाच्या होत्या, आणि कारभाराच्या बाबतीत त्या आपल्याहून अधिक पात्र होत्या अशी कबुली नाइटिंगेल यांनी त्यांना पत्रातून दिली होती. साधी व्रते घेऊन समाजात काम करणाऱ्या भगिनींना चर्चने खऱ्या अर्थाने व्रतस्थ म्हणून मान्यता दिली ती १९०० मध्ये, पोप तेरावे लिओ यांच्या काळात. १५३५ पासून मोजले तर ३६५ वर्षे झाली. मान्यता येईपर्यंत काम थांबले मात्र नव्हते. एकट्या फ्रान्समध्ये १८०० ते १८८० या काळात सुमारे ४०० नवे संघ निघाले होते.

आता या व्यवस्थेचे अंतरंग पाहू. सिस्टरला मिळणारा पगार तिचा नसतो, तो संघाच्या सामाईक तिजोरीत जमा होतो. त्या बदल्यात तिचे प्रशिक्षण, आजारपण आणि म्हातारपण यांची जबाबदारी संघ घेतो. त्यामुळे एका शिक्षिकेच्या संसाराला लागेल एवढ्या पैशात अनेक भगिनींचे घर चालत असे आणि वाचलेला पैसा पुढच्या शाळेत जाई. पुष्कळ ठिकाणी एकाच आवारात दोन शाळा असत, एक सधन घरांतल्या मुलींची, फी घेणारी, आणि दुसरी गरिबांची, मोफत. पहिलीच्या उत्पन्नावर दुसरी चाले. त्यातून गरीब-श्रीमंत भेद आवाराच्या आतही शिरला, हे नाकारता येत नाही. दुसरी बाब सातत्याची. एक भगिनी थकली किंवा तिची बदली झाली की दुसरी तिच्या जागी येई. त्यामुळे संस्था एका व्यक्तीवर अवलंबून राहत नसे. आणि तिसरी बाब, जी माझ्या मते सर्वांत कमी बोलली जाते, ती अधिकाराची. इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बराच काळ विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवरही नवऱ्याचा ताबा असे. त्याच काळात धर्मभगिनी जमिनी खरेदी करीत होत्या, कर्ज काढत होत्या, कंत्राटदारांशी घासाघीस करीत होत्या आणि रुग्णालये व महाविद्यालये यांच्या प्रमुखपदी बसत होत्या. मुलींना पहिल्यांदा स्त्री मुख्याध्यापिका किंवा स्त्री प्राचार्य पाहायला मिळाली, ती अनेक ठिकाणी काळ्या-पांढऱ्या वेषातली होती.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर या लहानशा गावाची गोष्ट या तिन्ही बाबी एकत्र दाखवते. २१ ऑगस्ट १८८३ रोजी तिथे चक्रीवादळ आले. गावात रुग्णालय नव्हते. जखमींना जागा मिळेल तिथे ठेवले गेले, त्यासाठी नाचाचा एक हॉलही वापरला, आणि तिथल्या फ्रान्सिस्कन भगिनी मदतीला धावल्या. या भगिनी शिक्षिका होत्या; शुश्रूषेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ते दिवस सरल्यावर त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोझ या डॉ. विल्यम वॉरल मेयो यांच्याकडे गेल्या आणि इथे रुग्णालय बांधू या म्हणाल्या. एवढ्याशा गावाला ते झेपणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. पैसे आम्ही उभे करतो, तुम्ही रुग्ण पाहण्याचे कबूल करा, असा शब्द मदर आल्फ्रेड यांनी मागितला. भगिनींनी पै-पै जमवली आणि ३० सप्टेंबर १८८९ रोजी २७ खाटांचे सेंट मेरीज रुग्णालय उघडले. आज जगभर ख्याती असलेले मेयो क्लिनिक याच जोडीतून वाढले.

याच रुग्णालयात मेरी जोसेफ डेम्प्सी नावाच्या भगिनी होत्या. १८९२ ते १९३९ अशी ४७ वर्षे त्या रुग्णालयाच्या अधीक्षक होत्या आणि त्यातली बरीच वर्षे त्यांनी डॉ. विल्यम जे. मेयो यांच्या प्रथम साहाय्यक म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलाशीही काम केले. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे पोट स्वच्छ करताना त्यांच्या बोटांना एक गोष्ट जाणवली. काही रुग्णांच्या बेंबीपाशी टणक गाठ लागे, आणि अशा रुग्णांचे पोट उघडले की आत पसरलेला कर्करोग दिसे. ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांच्या नजरेस आणून दिली. आज जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ती खूण 'सिस्टर मेरी जोसेफ गाठ' याच नावाने शिकतात. रोजचे, कोणाच्या खिजगणतीत नसलेले काम मन लावून करणाऱ्या हाताला मिळालेला हा मान आहे.

शाळांच्या बाबतीत अमेरिकेतला विस्तार थक्क करणारा होता. १८८४ मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या अमेरिकी बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चने आपली शाळा काढावी असे ठरवले. स्थलांतरित होऊन आलेल्या आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन मजुरांची मुले या शाळांत शिकली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १३,००० कॅथलिक शाळांमध्ये ५२ लाखांहून अधिक विद्यार्थी होते. कॅथरीन ड्रेक्सेल या गर्भश्रीमंत बँकरच्या मुलीने १८९१ मध्ये संघ काढून आपली सारी मिळकत कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी मुलांच्या शिक्षणात घातली. १९२५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने न्यू ऑर्लिन्सचे झेवियर विद्यापीठ उभे राहिले.

वैद्यकाच्या क्षेत्रात आणखी एक भिंत होती. व्रतस्थ स्त्रीने डॉक्टर म्हणून काम करणे, विशेषतः बाळंतपण करणे, चर्चला मान्य नव्हते. ऑस्ट्रियाच्या डॉ. ॲना डेंगल १९२० मध्ये रावळपिंडीला आल्या. पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नव्हत्या आणि उपचाराविना प्राण सोडत होत्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. म्हणून १९२५ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा गट स्थापला. नियमात बसावे म्हणून सुरुवातीला त्यातल्या स्त्रियांनी जाहीर व्रते घेतलीच नाहीत. रोमने हा नियम १९३६ मध्ये बदलला. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लॉरी यांना त्याआधीच पोपची खास परवानगी मिळाली होती. त्यांनी गुंटूर भागात दीर्घकाळ रुग्णसेवा केली आणि १९४३ मध्ये भारतातल्या कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आज्ञापालनाच्या ज्या शिस्तीने संस्था टिकवल्या, त्याच शिस्तीने अन्यायापुढे तोंड बंद ठेवायलाही शिकवले. आयर्लंडमध्ये धर्मभगिनी चालवत असलेल्या मॅग्डेलीन धोबीखान्यांत हजारो स्त्रियांना कोंडून बिनपगारी राबवले गेले. त्यातला शेवटचा १९९६ मध्ये बंद झाला आणि २०१३ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी सरकारच्या वतीने संसदेत माफी मागितली. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा विसरायला लावणाऱ्या निवासी शाळांत धर्मभगिनीही काम करीत होत्या. अमेरिकेतल्या काही संघांनी गुलाम बाळगले होते, आणि गोऱ्या संघांची दारे बंद असल्यामुळे मेरी लँग यांना १८२९ मध्ये बाल्टिमोरमध्ये कृष्णवर्णीय भगिनींचा स्वतंत्र संघ काढावा लागला. ज्या मुलांचे शिकून भले झाले त्यांची कृतज्ञता खरी आहे आणि ज्यांचे बालपण करपले त्यांचा संतापही तितकाच खरा आहे. एकाने दुसऱ्याची वजाबाकी करता येत नाही.

अन्याय आतही होता. एका वर्गात पन्नास-साठ मुले आणि समोर जेमतेम शालेय शिक्षण संपवून आलेली तरुण भगिनी, हे अमेरिकेत सर्रास दिसे. पदवीचा अभ्यास उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत थोडा थोडा करायचा, त्यामुळे ती पुरी व्हायला कधी कधी वीस वर्षे लागत. १९४९ मध्ये सिस्टर मॅडलेव्हा वुल्फ यांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि १९५४ मध्ये भगिनींच्या शिक्षणासाठी परिषद स्थापन झाली. आधी शिक्षण पूर्ण, मग वर्ग, असा आग्रह तिने धरला. त्यानंतरच्या काळात धर्मभगिनी त्यांच्या देशातल्या सर्वाधिक शिकलेल्या स्त्रियांमध्ये गणल्या जाऊ लागल्या. १९६५ मध्ये सिस्टर मेरी केनेथ केलर यांनी संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

त्याच १९६५ साली अमेरिकेत सुमारे १,८०,००० धर्मभगिनी होत्या. आज ही संख्या ४०,००० पेक्षा कमी आहे आणि त्यांच्यात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. स्त्रियांना इतर व्यवसायांची दारे उघडली आणि चर्चमध्ये मोठ्या सुधारणा करणाऱ्या १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर व्रतस्थ जीवनाची घडी बदलली, ही त्याची ठळक कारणे. आयुष्यभर नाममात्र मानधनावर शिकवलेल्या या स्त्रियांच्या म्हातारपणाची तरतूद पुरेशी नाही हे लक्षात आल्यावर १९८८ पासून तिथल्या चर्चमधून त्यांच्यासाठी दरवर्षी निधी गोळा केला जातो. शाळा-रुग्णालयांचा कारभार आता बहुतांशी संसारी स्त्री-पुरुषांकडे गेला आहे. संघ संपण्याआधी आपल्या हाताने संस्था दुसऱ्यांकडे सोपवणे हेही एक अवघड काम आहे, आणि अनेक संघांनी ते विचारपूर्वक केले आहे.

जगभरात मिळून आज सुमारे ६ लाख धर्मभगिनी आहेत. युरोप-अमेरिकेत त्या घटत असल्या तरी आफ्रिकेत वाढत आहेत, आणि तिथे तोच जुना प्रश्न पुन्हा उभा आहे. कामाची निकड एवढी मोठी की, भगिनी शिकण्याआधीच शाळेत किंवा दवाखान्यात रुजू होतात. अमेरिकेतल्या चार संघांनी आणि त्यांच्या महाविद्यालयांनी मिळून १९९९ मध्ये आफ्रिकेतल्या भगिनींच्या उच्चशिक्षणासाठी एक संस्था सुरू केली. तिच्यामार्फत शिकणाऱ्या कितीतरी भगिनी शाळेतले किंवा दवाखान्यातले काम सांभाळूनच पदविका आणि पदवी पूर्ण करीत आहेत.